खाल्लेलं आणि पोचलेलं

आरोग्य केंद्राची नसीमताई मुलाणी दर मंगळवारी सकाळी शिरटेकच्या कुंभारगल्लीत यायची, आणि ती आली की गल्लीतल्या बायकांची कामं आपोआप संथ व्हायची. झाडणारी एकाच जागी झाडत राहायची. धुणारी तीच साडी पुन्हा पिळायची. नंदाच्या सुनेचा आकडा कानावर पडल्याशिवाय कुणाचा हात पुढे सरकत नव्हता.

"त्रेचाळीस," नसीमताई म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम खाली ठेवला होता. पण ऋतुजाच्या दंडावरची पट्टी तांबडी झाली होती, आणि तांबडं बघायला कान लागत नाहीत.

"मागल्या मंगळवारी पंचेचाळीस हुता," नंदा म्हणाली.

"हो वहिनी. दोनानं उतरला."

ऋतुजाला सातवा लागला होता. पोट मात्र पाचव्यातलं वाटायचं. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि सासूकडे बघत नव्हती.

नसीमताईनं मांडीवर घडीची विजेची पाटी उघडली. आरोग्य केंद्रानं दिलेले सतरा प्रश्न तिला पाठ होते, तरी ती प्रत्येक वेळी वाचून विचारायची. सकाळी काय, दुपारी काय, किती, कशासोबत. नंदानं परीक्षेला बसल्यासारखं सांगितलं, "उठल्या उठल्या भिजवलेले बदाम न् दोन खजूर. न्याहारीला नाचणीची आंबील, उकडलेलं अंडं. दुपारी बाजरीची भाकरी, राजगिऱ्याची भाजी, मोडाची मटकी, वर लिंबू पिळून. चार वाजता गूळ-शेंगदाणे. रातीला मुगाची खिचडी, तूप. निजताना दूध. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्यासंगं, दुधासंगं न्हाई. आणि जेवणाच्या आगंमागं तासभर चहाचा थेंब न्हाई, तुम्ही सांगितल्यापासनं."

"आणि हे सगळं ती खाते?"

"माझ्यापुढं बसून खाती."

"खाते हो मी," ऋतुजा म्हणाली. "आत्या उठूच देत नाहीत." सासूला ती आत्या म्हणायची.

नसीमताईनं पाटी मिटली. "माझ्या यादीपेक्षा जास्तच देताय तुम्ही. तरी पोचत नाही. बाळ साडेसातशे ग्रॅमचं दिसतंय, आत्तापर्यंत हजाराच्या पुढे हवं होतं. आणखी दोन मंगळवार बघू. पन्नासच्या वर आकडा गेला नाही तर तालुक्याच्या सावलीघरात, अशा बायकांना ठेवून घेतात तिथं, न्यावं लागेल. तिथंही वाढलं नाही, तर डॉक्टर बाळ वेळेआधी काढतील."

समोरच्या अंगणात झाडू थांबला होता.

*

दंडावरच्या त्या पट्टीचं नाव होतं चाहूल. विड्याच्या पानाएवढी, तेवढीच पातळ. तिच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक सुया होत्या. त्या कातडीत शिरल्या तरी मुंगी चालल्याएवढंही कळायचं नाही.

पोटातलं बाळ वारेला बांधलेलं असतं, आणि वार आईला. आईच्या रक्तातून बाळाला हवं ते वार वेचून घेते, हे जगाला पूर्वीपासून ठाऊक होतं. पण वार नुसती घेत नाही, ती उलट आईच्या रक्तात डोळ्यांना न दिसणाऱ्या पुड्याही सोडत असते, आणि प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी असते: आज लोह आलं नाही, आज पुरेसं मिळालं, आज बाळानं वाढ आवरती घेतली. लाखो वर्षं ही पत्रं येत होती आणि वाचणारं कुणी नव्हतं. चाहूल ती वाचायची. सगळ्या चिठ्ठ्यांचा मिळून ती शंभरातला एक आकडा द्यायची. त्या आकड्याला लोक पोच म्हणू लागले.

आधीची यंत्रं बाई काय खाते ते मोजायची. खाल्लेलं बाळाच्या दारापर्यंत गेलं का, हे सांगणारं हे पहिलंच. शिरटेकात चाहूल आली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात गावाची पंगत बदलली. पोटुशी बाई सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खायची, ती आता पहिल्या पंगतीला बसू लागली. नवरे अंडी आणायला शिकले. ज्या सासवा 'कमी खा, बाळ लहान राहिलं की सुटका लवकर' असं सांगायच्या, त्यांना आकड्यानं गप्प केलं.

पण आकडा एवढंच सांगायचा की पोचलं नाही. वाटेत कुठं अडलं, ते त्याला सांगता येत नव्हतं. पूर्वी अशक्त बाळ झालं की नशिबावर ढकलता यायचं, देवावर, अंगकाठीवर. आता लोकांना बोट दाखवायला माणूस मिळालं होतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा वाढणारं असायचं.

"नंदे," सामाईक नळावर सरू म्हणाली. सरू म्हणजे समोरच्या अंगणातला झाडू. "सुनंला घास देतीस का नुसता वास?"

बाकीच्या हसल्या. नंदानं घागर उचलली आणि ती निघाली. तिची घागर अर्धीच भरली होती.

*

नंदाच्या घरी माठ फार होत नव्हते. उन्हाळा सत्तेचाळीसला टेकू लागल्यापासून शहरांतून गारभिंतींना मागणी आली होती. भाजलेल्या मातीच्या पोकळ नळ्या एकीवर एक रचायच्या, वरून पाणी झिरपू द्यायचं. त्यांतून येता येता वारा थंड होतो. जुन्या माठाचंच शास्त्र, भिंतीसारखं उभं केलेलं. नवरा गेल्यावर नंदानं आणि तिच्या मुलानं, हर्षदनं, चाक विजेवर घेतलं, भट्टी मोठी केली. ओल्या नळ्या अंगणभर वाळत पडलेल्या असायच्या.

चौथ्या महिन्यात ऋतुजाचं त्या नळ्यांकडे लक्ष जाऊ लागलं. भाजलेल्या नळीवर पाणी शिंपडलं की जो वास उठायचा, त्यानं तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. एके दुपारी तिनं कच्च्या नळीची कड दातांनीच तोडून चावली, आणि कितीतरी दिवसांनी काहीतरी मनासारखं खाल्ल्यागत वाटलं. नंदानं कडेवरचे दातांचे वण बघितले तेव्हा ऋतुजा शरमेनं लाल झाली.

नंदा मात्र हसली. असं हसायला तिला बरीच वर्षं निमित्त मिळालं नव्हतं.

"अगं लाजतीस काय? मला न्हाई झालं व्हय असं? माझ्या सासूला झालं, तिच्या सासूला झालं. ह्या घरातल्या सुनंला मातीचाच डोहाळा लागतो." आणि चाळणीवर हात फिरवता फिरवता ती म्हणाली,

ओल्या मातीची चकती, जिभंवर विरघळं
कुंभाराचं लेकरू, पोटातच चाक वळं

घरची रीत होती ती. वस्त्रगाळ मातीच्या रुपयाएवढ्या चकत्या थापायच्या, भट्टीच्या कडेला कोवळ्या शेकायच्या, सुनेच्या दातांना सोसतील एवढ्याच, आणि स्टीलच्या डब्यात घालून उशाशी ठेवायच्या. डबा रिता होऊ द्यायचा नाही. नंदा दर तिसऱ्या दिवशी चकत्या थापायची, आणि सुनेच्या माहेरच्यांना पेढे पाठवावेत इतक्या मनापासून थापायची.

नसीमताईला तिनं कधी हे सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सतरा प्रश्न सगळे खाण्याचे होते, आणि माती म्हणजे काही खाणं नव्हे.

*

नंदाच्या बहिणीचं आष्ट्याला डोळ्याचं ऑपरेशन निघालं. "चारच दिवस," म्हणत नंदा गेली. जाताना हर्षदच्या हातात तिनं भलीमोठी यादी दिली. हर्षदनं तिच्यातलं निम्मंही केलं नाही. भाकरी त्याला थापता येत नव्हती. त्यानं दोन वेळा खिचडीच शिजवली, अंडी उकडताना फोडली, राजगिरा विसरला.

"आत्यांना सांगू नकोस," पानातली करपलेली खिचडी बघून ऋतुजा म्हणाली.

"तू सांगशील म्हणून घाबरलोय. गोळी घेतलीस?"

"घेतली."

आकडा त्याच्या फोनवर रोज सकाळी यायचा. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशी सेहेचाळीस. पाचव्या दिवशी, नंदा परतली त्या सकाळी, अठ्ठेचाळीस. हर्षद गल्लीभर शीळ घालत फिरला.

पुढच्या चार दिवसांत तो पुन्हा चव्वेचाळीसवर आला.

पाचव्या दिवशी दुपारी नंदा अंगणात नळ्या उलटत होती. हर्षद फोन घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. फोनवर एक रेघ होती, वर चढलेली आणि मग खाली घसरलेली.

"आई, हे बघ. तू गेलीस तशी चढली. तू आलीस तशी उतरली."

नंदानं रेघ बघितली. "मला कशापायी दावतोस?"

"मी करपलेली खिचडी घातली तिला. तरी चढली. तू काय देतेस?"

"तुझ्यादेखत देते की."

"मग असं का?" त्याचा आवाज वाढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "माझं बाळ आहे गं ते. सरूकाकू काय बोलतात ते मी ऐकत नाही म्हणून बहिरा झालोय असं नाही."

नंदानं हातातली नळी जपून खाली ठेवली. तिला तडा जाऊ नये एवढी काळजी तिनं त्याही वेळी घेतली. मग ती आत गेली आणि आष्ट्याहून आणलेली, अजून पुरती न सोडलेली पिशवी पुन्हा भरू लागली.

"मी गेल्यावर पोचतंय म्हणतोस ना," ती आतून म्हणाली. "मग मी जाते. तिची सुटका झाली की ये न्यायला. न्हाई आलास तरी चालंल."

ऋतुजा मधल्या खोलीत पलंगावर बसून हे सगळं ऐकत होती. हात सवयीनं डब्याकडे गेला. चकती जिभेवर ठेवली आणि ती तशीच थांबली.

ते चार दिवस तिला आठवले. आत्या गेल्या त्याच दिवशी दुपारी डबा संपला होता. हर्षदला सांगायला ती लाजली होती, आणि अंगणातल्या नळ्यांपाशी दिवसभर तोच असायचा. तिसऱ्या रात्री तर इतकी तळमळली होती की भिंतीचा पोपडा काढावासा वाटला होता, पण काढला नव्हता. चार दिवसांत आत्या नव्हत्या, राजगिरा नव्हता, भाकरी नव्हती. आणि माती नव्हती.

तिनं चकती तोंडातून काढली. तिच्या लाळेनं ती ओली झाली होती आणि बोटाला चिकटून बसली होती. दोनदा झटकली तरी सुटेना.

सांगावं तर काय होईल, हे तिला लख्ख दिसलं. आत्या आत्ता निदान निर्दोष मनानं निघाल्या होत्या. आपण काही कमी केलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा हे बोललं की तेवढंही उरणार नव्हतं. आणि गल्ली म्हणणार, कुंभारानं सुनेला माती चारली. न सांगावं तर आत्या आष्ट्याला जातील, डबा रिकामा राहील, आकडा आपोआप चढेल, आणि कुणाला काही कळणार नाही. तो मार्ग इतका सोपा होता की तिला त्याचीच भीती वाटली.

नंदा पिशवी घेऊन माती कालवायच्या हौदापाशी पाय धूत होती. ऋतुजा सावकाश, भिंतीचा आधार घेत तिथवर गेली.

"आत्या, थांबा जरा."

"तू कशाला उठलीस? जा, पड जा."

"तुम्ही गेलात त्या दिवशीच डबा संपला होता."

नंदानं वर बघितलं.

"चार दिवस मी माती खाल्ली नाही. तुम्ही आलात, त्याच संध्याकाळी नव्या चकत्या केल्यात. तेव्हापासून खातेय." ऋतुजाचा श्वास अपुरा पडत होता. "आकडा तुमच्यानं उतरला नाही. मला वाटतं, मातीनं उतरलाय. नक्की माहीत नाही मला. पण तुम्ही जाऊ नका."

नंदाचा एक पाय पाण्यात होता, दुसरा दगडावर. हौदात कालवलेली माती तळाशी बसत होती आणि वरचं पाणी हळूहळू निवळत होतं.

"माती," ती म्हणाली. "पर ती तर आपली माती."

*

नसीमताई त्या दिवशी मंगळवार नसतानाही आली. हर्षदनं फोन केला होता. तिनं डबा उघडला, एक चकती घेतली, वास घेतला, मग ती जिभेच्या टोकाला लावली. चकती तिच्या जिभेला चिकटली.

"हे बघा, कशी धरते," ती म्हणाली. "ही माती म्हणजे एकावर एक रचलेले अतिबारीक पापड समजा. त्यांच्या अंगात ओढ असते. पोटात लोह आलं की ते त्याला धरून बसतात आणि धरूनच बाहेर घेऊन जातात. आतड्याच्या हाती काही लागत नाही. तुम्ही वरून राजगिरा घालताय, गोळी घालताय, आणि ही वाटेत सगळं अडवून बसलीय."

"भाजलीय की ती," नंदा म्हणाली.

"कोवळी शेकलीय, वहिनी. जंतू मेले असतील. हिचं चिकटपण कुठं गेलंय? नळीसारखी कडक भाजली असती तर दगड झाली असती. मग दात पडले असते, ते वेगळं."

तिनं चकती परत डब्यात टाकली.

"आणखी एक गंमत सांगते. अंगात लोह कमी झालं की काही बायकांना मातीच खावीशी वाटते. का, ते अजून कुणाला पुरतं उमगलेलं नाही. म्हणजे लोह कमी म्हणून माती, आणि माती म्हणून लोह अजून कमी."

"चाकच की हे," ऋतुजा म्हणाली.

"चाकच. म्हणून तुमच्या घरात सासूपाठोपाठ सुनेला तोच डोहाळा." नसीमताईनं डब्याचं झाकण लावलं. "चूक माझीही आहे. सतरा प्रश्न विचारत राहिले मी. खाण्याशिवाय तोंडात काय जातं, हे काही विचारलं नाही."

नंदा जमिनीकडे बघत म्हणाली, "हर्षदच्या पाठीवर पोरगी झाली हुती मला. दीड किलोची. चार दिस जगली. तवा बी उशाला हाच डबा हुता."

हर्षदनं मान वर केली. बहीण होऊन गेली हे त्याला माहीत होतं. तिचं वजन आज पहिल्यांदा कळलं.

नसीमताई उठून नंदाशेजारी जाऊन बसली. "वहिनी, तेव्हा मोजायला कुणी नव्हतं. माती होती, आणखीही काय काय असेल. कुणामुळे गेली हे आज सांगणारा खोटं बोलेल, आणि मी खोटं बोलणार नाही. आत्ताचं मात्र सांगू शकते. आज माती थांबली, उद्या दवाखान्यात शिरेतून लोह दिलं, तर या बाळाला अजून अडीच महिने आहेत. एवढ्या दिवसांत ते भरून काढतं. असं भरून काढलेली बाळं मी बघितलीत."

नंदानं पदरानं तोंड पुसलं. पिशवी तिच्या पायाशी होती. हर्षदनं ती उचलली, आत नेली आणि एकेक लुगडं काढून पुन्हा खुंटीवर टाकलं. बाहेर येऊन तो काही बोलू लागला.

"आई, मी ते..."

"गप. भट्टी बघ जा, आच उतरली असंल."

तो गेला. जाताना त्यानं डबा हातात घेतला होता. नंदानं तो परत मागितला, अंगणात नेला आणि स्वतःच्या हातानं हौदात उपडा केला. चकत्या पाण्यात पडल्या, क्षणभर तरंगल्याशा वाटल्या आणि विरघळून बाकीच्या मातीत मिसळल्या.

*

लोह शिरेतून दोनदा गेलं, आठवड्याच्या अंतरानं. ते सोपं होतं. अवघड होतं ते दुपारी तीनच्या सुमाराचं, जेव्हा ऋतुजाच्या दातांना माती आठवायची. ती चिडायची, रडायची, एकदा तर हर्षदच्या अंगावर ताट सरकवलं. नंदानं भाजक्या नाचणीत तीळ आणि गूळ घालून कडकडीत वड्या केल्या. फुटाणे दिले, सालासकट. ज्वारीच्या लाह्या दिल्या. दात गुंतायचे, मन गुंतायचं नाही.

मग एका दुपारी नंदा भट्टीतून काढलेली पक्की नळी घेऊन आली. अजून कोमट होती. तिनं ऋतुजासमोर ती ठेवली आणि ओंजळभर पाणी शिंपडलं. नळीनं सूंसूं करत पाणी पिऊन टाकलं आणि वास उठला. उन्हानं तापलेल्या जमिनीचा, रिकाम्या माठाचा, लहानपणीच्या पाटीचा.

ऋतुजानं डोळे मिटून तो ओढून घेतला.

"वास घे. किती बी घे," नंदा म्हणाली. "वास काय लोह धरीत न्हाई. नसीमबाईंना विचारलंय मी."

"हे पण विचारलंत?"

"आता सगळंच विचारते." आणि मग ओठांच्या कोपऱ्यात हसत, "सरू म्हणत हुती, घास देतीस का वास. सांग तिला, दोन्ही देती म्हणून."

ऋतुजाला इतकं हसू आलं की पोट धरावं लागलं. हातावर काहीतरी आतून थडकलं. तिनं नंदाचा हात ओढून तिथं ठेवला. या आधीही बाळ हलायचं, पण ते पाण्याखालून मासा सरकावा तसं. ही ढुशी होती.

पहिल्या मंगळवारी एकोणपन्नास. नसीमताईनं सावलीघराला फोन करून एक आठवडा मागून घेतला. पुढच्या मंगळवारी, सगळी गल्ली नेहमीसारखी संथ झालेली असताना, ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "अठ्ठावन्न." समोरच्या अंगणात झाडू चालू झाला. त्यापुढच्या मंगळवारी चौसष्ट झाला, आणि पट्टी हिरवी दिसली. सोनोग्राफीत बाळ दीड किलोच्या पुढे गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या बाळाच्या गालाकडे बोट दाखवलं. गाल होता. मागच्या वेळी तिथं नुसतं हाड होतं.

नसीमताईनं पाटीवर अठरावा प्रश्न स्वतःच लिहून घेतला: खाण्याशिवाय तोंडात काय घालता? तो विचारायला तिनं नंदाला सोबत नेलं. एकटीनं विचारला असता तर बायका 'काही नाही' म्हणाल्या असत्या. नंदा उंबऱ्यावर बसायची आणि आधी आपलं सांगायची. आमच्या घरात सुनंला माती चारायची रीत हुती, मी चारली, बाळाची वाढ अडली. एवढं ऐकल्यावर मग एकेक निघायचं. कुणी पाटीवरची पेन्सिल, कुणी चुलीतली राख, कुणी कच्चे तांदूळ मूठमूठ. शाळेतली एक बाई खडू खात होती आणि फळ्याकडे तोंड करून खात होती. सरूनं चार दिवस काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी ती मागल्या दारानं आली.

"नंदे, आमच्या पोरीला तिसरा लागलाय. ती विटकर चाटती गं. काय म्हणावं?"

"बस," नंदा म्हणाली. "आधी पाणी पी. मग सांगते."

*

ऋतुजा दिवस भरूनच मोकळी झाली. सकाळी नऊला तालुक्याच्या दवाखान्यात आत नेली, साडेअकराला दार उघडलं. नसीमताईची तिथं ड्यूटी नव्हती, तरी ती आली होती. बाहेर येऊन तिनं आधी नंदाकडे बघितलं.

"मुलगी. दोन किलो आठशे."

नंदानं भिंतीला हात लावला. "परत सांगा."

"दोन किलो आठशे. मी दोनदा ठेवलं काट्यावर. मलाही खरं वाटेना."

नंदा बाकावर बसली. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, रिकामे, आणि ती त्यांच्याकडेच बघत राहिली. मग मान हलवली, बरं, बरं, असं स्वतःशीच.

सगळे आत गेले तेव्हा ऋतुजा उशीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, केस कपाळाला चिकटलेले, आणि डोळे मात्र धुतल्यासारखे. बाळ दुपट्यात होतं. हर्षदनं एकदा बाळाकडे बघितलं, एकदा फोनकडे, आणि त्याचा चेहरा उतरला.

"शून्य दाखवतंय," तो म्हणाला. "ताई, पोच शून्य आलीय."

सगळ्यांनी ऋतुजाच्या दंडाकडे बघितलं. पट्टी हिरवी नव्हती, तांबडीही नव्हती. ती विझली होती.

"वार पडली, भाऊ," नसीमताई म्हणाली. "पत्रं लिहिणारीच गेली. आता चाहुलीला वाचायला काय राहिलं?" तिनं पट्टीची कड नखानं उचलली आणि हलकेच सोलून काढली. खाली कातडीवर पानाच्या आकाराचा फिका डाग राहिला.

हर्षद फोन हातात धरून उभाच होता. पाच महिने तो रोज सकाळी आकडा बघून उठला होता. "मग आता कळायचं कसं?" त्यानं विचारलं. "पोचतंय का नाही ते?"

तेवढ्यात दुपट्यातून आवाज आला. आधी नुसती कुरकुर, मग तोंड वाकडं, मग खणखणीत, खोलीच्या बाहेर जाईल असं रडणं.

नंदा पुढे झाली. तिनं बाळ उचललं, आणि रडत्या बाळाला गप्प करायची काही घाई न करता मुलाच्या कानाशी धरलं.

"ऐक," ती म्हणाली. "तिचं ती सांगायला लागली."

मग तिनं लेकरू सुनेच्या छातीशी दिलं. ऋतुजानं पदर बाजूला केला. दोनदा तोंड चुकलं, तिसऱ्यांदा लागलं. रडणं मधेच तुटलं, आणि खोली इतकी शांत झाली की बाळाच्या गिळण्याचा बारीक आवाजही सगळ्यांना ऐकू येऊ लागला.